रविवारचा हुन्नर

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने आपल्या कामगारांस दर रविवारी पूर्ण दिवसाची सुट्टी देण्याचे मान्य केले, आणि ठाण्यात जन्मलेले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा वर्षे चालविलेल्या अर्जविनंत्यांस व सभांस फळ आले. त्या प्रयत्नाचा आरंभ सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथील सभेत झाला होता. साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारी फॅक्टरी कमिशनपुढे जो अर्ज ठेवण्यात आला, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यातील इतर मागण्या होत्या. आज आपण ज्या दिवशी घड्याळाकडे न पाहता उठतो, तो दिवस पंचांगाने दिलेला नाही, सरकारने आपण होऊन बक्षीस केलेला नाही. ज्यांना सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत साच्यापाशी उभे राहावे लागत होते अशा माणसांनी तो मागून, झगडून मिळविला आहे. म्हणूनच त्या दिवसाचा विनियोग कसा करावा हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

माझे मत असे आहे की, रविवारचा निदान अर्धा भाग प्रत्येकाने घरातल्या घरात स्वतःच्या हातांनी करावयाच्या लहानसहान कामांस द्यावा, आणि ही कामे एकाच जातीची न ठेवता त्यांची बिनदिक्कत सरमिसळ होऊ द्यावी. त्यांतून द्रव्यलाभ व्हावा, नाव व्हावे किंवा पुढेमागे काही मोठे उभे राहावे, ही अपेक्षा त्यांच्या माथी मारू नये. या मताचा पुरस्कार मी डोंगरीत राहून करीत आहे, याला कारण आहे. भाईंदर पश्चिमेहून राई, मुर्धे, मोर्वे ही गावे मागे टाकीत उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जुन्या धारावी बेटाच्या भूमीत वसलेले हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही अद्याप पुरते शहर झालेले नाही. येथून कामावर जाणारा माणूस बसने भाईंदर स्थानक गाठतो, तेथून चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर लोकलच्या गर्दीत उभा राहून चर्चगेटला उतरतो, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलट दिशेने करतो. आठवड्याचे सहा दिवस ज्याचे हात केवळ आधाराची कडी धरण्याच्या व कळफलक दाबण्याच्या उपयोगी पडतात, त्याच्या सातव्या दिवसाविषयी बोलण्यास याहून योग्य ठिकाण मला ठाऊक नाही.

आमच्या घरी रविवारी काय चालते ते थोडक्यात सांगतो, कारण दृष्टांताशिवाय असल्या विषयाला अंग येत नाही. जुन्या दिवाळी अंकांची बांधणी हा माझा एक उद्योग आहे. सुटे झालेले फर्मे नीट लावून दाभणाने भोके पाडावयाची, मेण लावलेल्या दोऱ्याने जुजबंदी करावयाची, कण्यावर मलमल चिकटवून वर पुठ्ठा चढवावयाचा, आणि मग सारा ऐवज वजनाखाली दाबून ठेवावयाचा. खळ वाळण्यास रात्र लागते. त्या अवधीत पुस्तकास हात लावणे म्हणजे ते बिघडविणे. मग मी वेताच्या खुर्चीकडे वळतो. तिच्या बैठकीचा वेत भिजत घातल्यावाचून वळत नाही, आणि तो भिजेपर्यंत गॅलरीतल्या कुंड्यांत मिरचीची नि टोमॅटोची रोपे निराळी करून लावण्यास वेळ मिळतो. घरातील दुसरे कोणी तेवढ्यात जुन्या लुगड्यांचे तुकडे मांडून गोधडीचा धावदोरा घालीत असते, कोणी नादुरुस्त पंखा उघडून बसलेले असते. दिवस मावळतो तेव्हा बहुधा काहीच पुरे झालेले नसते. सगळे एक एक पायरी पुढे सरकलेले असते.

या सरमिसळीवर पहिला आक्षेप आपल्या भाषेतच तयार आहे. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असे म्हणून वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्यापासून परावृत्त केले. विद्यार्जन, व्यापार, शेती या विषयांत हा उपदेश रास्तच आहे. परंतु ज्या घरांत ही म्हण बोलली गेली त्याच घरांतील आज्या भाराभर चिंध्या सांभाळून ठेवीत आणि त्यांच्याच गोधड्या शिवीत, ही वस्तुस्थिती विसरता येत नाही. आणि गोधडी हे त्या आजीचे त्या हंगामातले एकमेव काम कधीही नसे.

शिवाय या आक्षेपात हस्तव्यवसायाच्या स्वभावाचे अज्ञान आहे, असे मला अनुभवान्ती वाटू लागले आहे. हाताने करावयाच्या जवळजवळ प्रत्येक कामात प्रतीक्षेचा एक काळ असतो, आणि त्याची लांबी आपण ठरवीत नाही, तो जिन्नस ठरवितो. सरस घट्ट होण्यास जो वेळ लागावयाचा तो लागतोच. बी रुजते ते आपल्या मुदतीने. लाकडावरील रोगणाचा पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. विरजण, आंबवण, वाळवण या सर्वांची नियती तीच. गिरणीच्या भोंग्याने व कचेरीच्या हजेरीपत्रकाने जो काळ आपल्याला शिकविला त्यात असे थांबणे हा कसूर होतो, म्हणून आपण थांबणे विसरलो. एकच काम घेऊन बसणारा हौशी माणूस या प्रतीक्षेला कंटाळून एकतर घाई करतो किंवा ते काम कायमचे सोडून देतो. ज्याच्या हाताशी तीनचार कामे आहेत तो मात्र त्या त्या वस्तूला तिचा वेळ सुखाने देऊ शकतो. सरमिसळीचा चंचलपणाशी संबंध जोडणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. माझ्या समजुतीप्रमाणे ती धीराची एक रीत आहे.

याचे सर्वांत उत्तम उदाहरण म्हणून मी दुर्बिणीच्या आरशाचे नाव घेईन. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची भारतातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते, आणि तिच्यासारख्या मंडळांच्या आश्रयाने महाराष्ट्रातील अनेक कारकुनांनी, शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी आपल्या दुर्बिणीचा आरसा स्वतःच्या हाताने घासला आहे. कृती ऐकण्यास सोपी आहे. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यावयाच्या, मधे कार्बोरंडमची पूड व पाणी घालून वरची चकती खालचीवर पुढेमागे घाशीत, मधून मधून ती फिरवीत आणि स्वतःही तिच्याभोवती सरकत राहावयाचे. या हालचालीच्या योगाने वरची काच हळूहळू खोलगट होते व खालची फुगीर. कोणत्याही यंत्राशिवाय गोलाचा पृष्ठभाग तयार होतो, ही भूमितीची मोठीच कृपा आहे. पूड जाडीकडून बारकाव्याकडे नेत शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साईडने झिलई द्यावयाची. त्यानंतर जी परीक्षा करावयाची ती लेऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० नंतरच्या दशकात शोधून काढली. तिला लागतो एक दिवा, एक बारीक फट आणि दाढीचे एक पाते. एवढ्या सामग्रीवर काचेतील मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासचा उंचसखलपणा डोळ्यांना सावलीच्या रूपाने दिसतो. आणि येथेच आमचा मुद्दा येतो: घासताना हाताच्या उबेने काच तापते व तिचा आकार यत्किंचित बदलतो, म्हणून ती निवेपर्यंत परीक्षा करता येत नाही. परीक्षा करणाऱ्याला स्वस्थ बसावे लागते, अथवा दुसरे काही करावे लागते. ज्याने त्या अवधीत नळी रंगविली, लाकडी तिवई रंधून काढली, मुलाला नकाशावरून नक्षत्रे ओळखण्यास शिकविले, त्याची दुर्बीण पुरी होते. असली दुर्बीण बाजारात विकत मिळत नाही असे नाही. परंतु जो आरसा आपण महिनोन्‌महिने हाताळला त्यातून शनीचे कडे प्रथम पाहणाऱ्या माणसाशी दुकानदाराच्या गिऱ्हाइकाची बरोबरी होणार नाही.

डोंगरीत या प्रकारची शास्त्रीय साधने मी पाहिली नाहीत, पण हाताच्या हुन्नराची जी परंपरा येथे आहे ती पाहिल्यावर मला या गावाविषयी अतिशय आदर वाटतो. येथील जुनी वस्ती ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची आहे, ज्याने १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी हे नाव धारण केले. आणि गावच्या सतराव्या शतकातील चर्चला बेथलेहेम मातेचे नाव आहे. ज्या गावाची देवमाता बेथलेहेमची, त्या गावात नाताळचा गोठा घरोघर मांडला जावा हे किती उचित! इटलीतील ग्रेचो या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी पेंढा, बैल व गाढव आणून येशूजन्माचा देखावा प्रथम उभा केला, असे मानले जाते. ती प्रथा फिरत फिरत आमच्या खाडीकाठच्या गावात आली आणि येथील मातीची होऊन गेली. बांबूच्या कांबी, भाताचा पेंढा, चुरगाळून रंगविलेल्या जाड कागदाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचे तळे, ताटलीत पेरलेल्या गव्हाची वा नाचणीची हिरवळ, अशी त्याची सामग्री. चोवीस डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवण्याची रीतही अनेक घरे पाळतात.

यात मला विशेष आनंद याचा वाटतो की, याच परिसरात दोन महिने आधी दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला करतात, आणि त्या किल्ल्याचीही सामग्री जवळजवळ हीच असते. दगडविटांच्या ढिगावर चिखलात बुडविलेले गोणपाट पसरावयाचे, त्यावर माती लिंपून बुरूज काढावयाचे, पायथ्याशी गुहा कोरावयाची, अळीव वा मोहरी फेकून शेते उगवावयाची, उतारावर मातीचे मावळे उभे करून माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवावयाचे. जवळच्या चौक गावचा खरा धारावी किल्ला, जो १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतला, तो या मुलांच्या किल्ल्यांपासून फार दूर नाही. त्या मोहिमेत एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन परंपरांची लेकरे आज एकाच रस्त्यावर राहून, एकाच भाताचा पेंढा नि एकाच ओढ्याची माती वापरून, एक किल्ला करते व दुसरे गोठा. आणि किल्ला करणाऱ्यांतला एखादा मुलगा नाताळात शेजाऱ्याच्या गोठ्याला डोंगर करून देण्यास जातो. धर्मसमभावावर झालेली अनेक व्याख्याने मी ऐकली. परंतु या देवाणघेवाणीतून मुलांना जे सहज कळते ते कोणत्याही व्यासपीठावरून कळलेले मला आठवत नाही.

उन्हाळा आला की येथील जुन्या घरांत मसाल्याचे दिवस सुरू होतात. बॉटल मसाला या नावाने तो आता शहरातही परिचित झाला आहे. लाल मिरच्या, धने, हळकुंडे, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर यांखेरीज गहू व हरभऱ्याची डाळही त्यात पडते. घटकांची संख्या घरागणिक बदलते आणि प्रमाण हे तर प्रत्येक कुटुंबाचे स्वतःचे गुपित असते. सारे उन्हात कडकडीत वाळवून, एकेक जिन्नस वेगळा भाजून, उखळात मुसळांनी कुटून, वस्त्रगाळ करून तो काळसर काचेच्या बाटल्यांत ठासून भरावयाचा. काच काळसर का, तर उजेडाने मसाल्याचा रंग व वास उडतो म्हणून. कुटण्याचे काम एकटीचे नव्हे. दोघी-तिघींची मुसळे एका तालात पडावी लागतात, आणि त्या तालाबरोबर गाणी येतात, गावची खबरबात येते, सासुरवाशिणींचे सुखदुःख येते.

हे वर्णन करताना मात्र माझी लेखणी क्षणभर अडते, आणि ते अडणे वाचकांपासून लपवू नये असे वाटते. मसाला, पापड, कुरडया, सांडगे, लोणची, गोधड्या यांत आपल्या स्त्रियांनी जे कौशल्य, जी सौंदर्यदृष्टी ओतली, तिला आपण छंद म्हणून कधीच मान्यता दिली नाही. ते कर्तव्याच्या खात्यात जमा झाले. स्त्रीला हाताच्या कामातला आनंद घेण्याची मुभा होती, परंतु ते काम घराच्या उपयोगी पडत असेल तरच. पुरुषाने रविवारी रंधा हातात घेतला तर कौतुकाने शेजारी गोळा होतात, आणि त्याच रविवारी स्वयंपाकघरात नेहमीपेक्षा एक पक्वान्न अधिक शिजत असते. लोखंडे यांच्या चळवळीत एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे जी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली होती. साप्ताहिक सुट्टी मागणाऱ्यांत त्याही होत्या. परंतु ती मिळाल्यावर गिरणीतून सुटलेली बाई घरच्या चुलीतून सुटली नाही, आणि आज कचेरीतून परतणारी तिची पणतीही बव्हंशी सुटलेली नाही. म्हणून रविवारच्या छंदाचा पुरस्कार करणाऱ्याने प्रथम घरातील रविवारच्या कामाची वाटणी करावी. ज्या घरात दुपारचे जेवण सर्वांनी मिळून रांधले, भांडी सर्वांनी मिळून घासली, त्याच घरात गोधडी शिवणारी बाई स्वतःच्या मर्जीने, स्वतःला आवडेल त्या नक्षीची, कोणाच्याही उपयोगी न पडणारी गोधडी शिवू शकते. या अटीवाचून माझे सारे प्रतिपादन अर्धवट राहील, हे मी पूर्ण जाणून आहे.

आता कीर्तीचा मुद्दा. आपल्या वृत्तपत्रांतून छंदिष्टांवर जे लेख येतात ते बहुतेक एकाच विषयास आयुष्य वाहिलेल्यांवर असतात, आणि तसे आयुष्य वंदनीय आहे यात संशय नाही. पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी चष्म्याच्या दुकानाचा व्यवसाय सांभाळून दिवे, अडकित्ते, वज्ऱ्या, दौती, कोरीव दारे अशा नित्याच्या वस्तू गावोगाव फिरून जमविल्या, आपल्या बाळपणी निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांचे संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली सुमारे वीस हजार वस्तूंचे ते धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. असा मनुष्य शतकात एखादाच. परंतु त्या संग्रहालयातील वस्तूंकडे पाहताना माझ्या मनात निराळाच विचार येतो. अडकित्त्याला मोराची आकृती देणारा लोहार, वज्रीच्या मुठीवर हत्ती बसविणारा तांबट, यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांनी गरजेपेक्षा थोडे अधिक काम केवळ हौसेपोटी केले. केळकरांची थोरवी ज्या लहान लहान हौसांवर उभी आहे त्या हौसा अनाम, किरकोळ आणि अनेक आहेत. आपल्या मुलांपुढे आदर्श ठेवताना आपण केवळ एकनिष्ठ महापुरुष ठेवला, तर ज्या मुलाला चित्रही काढावेसे वाटते, बासरीही वाजवावीशी वाटते आणि कोंबडीचे खुराडेही बांधावेसे वाटते, त्याला आपण नकळत अपात्र ठरवितो. त्याला यांपैकी काहीच उत्कृष्ट जमणार नाही, हे खरे. न जमो. मध्यम प्रतीचे काम स्वतः करून पाहिलेल्या माणसालाच उत्तम काम म्हणजे काय ते डोळसपणे कळते. ज्याने एकदा सांधा जोडला तो सुताराची मजुरी देताना घासाघीस करीत नाही, ज्याने गळा तापवून एक स्वर लावला तो मैफलीत मधेच उठून जात नाही.

पैशाविषयी मी फार बोलणार नाही. घरी केलेला मसाला, केक, कागदी कंदील विकून ज्यांचा संसार चालतो त्यांचा उद्योग प्रामाणिक आहे व त्यांना गिऱ्हाइके लाभावीत. परंतु हाताला काही बरे जमू लागले की, ‘याचा धंदा का करीत नाहीस?’ असे विचारण्याची जी वहिवाट अलीकडे पडली आहे, ती मला मनापासून नापसंत आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू कौतुकाचा असतो. परिणाम मात्र असा होतो की, रविवारही उरलेल्या सहा दिवसांच्या हिशेबवहीत दाखल होतो. ज्यांनी तो दिवस त्या वहीतून बाहेर काढला, त्यांच्या श्रमांचे स्मरण आपल्याला असावयास हवे.

या सर्वांवर खरे संकट आहे ते जागेचे. जुन्या घराला ओटा होता, पुढे अंगण होते, मागे परसू होते. मसाला वाळत घालावयाचा तर अंगणात, किल्ला करावयाचा तर ओट्याच्या कडेला, सुतारकाम परसात. भुसा, चिखल, ठोकाठोक यांना घरातच निराळा मुलूख होता. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर नोंदली गेली, आणि त्यांतील बहुसंख्य कुटुंबे दोन-तीन खोल्यांत राहतात, जिथे गॅलरी बंद करून तिचीही खोली केलेली असते. तेथे रंधा चालविला तर खालचे तक्रार करतात, गच्चीवर कुरडया घातल्या तर संस्थेची नोटीस येते, जिन्याखाली किल्ला केला तर येण्याजाण्याची अडचण होते. आणि या तक्रारी करणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांचीही जागा तेवढीच आहे. शहर आता डोंगरीच्या टेकडीपर्यंत आले आहे. मेट्रो नऊच्या कारशेडसाठी येथील जमीन निवडली गेल्यावर झाडांविषयी जो वाद उठला त्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु रेल्वे, रस्ते, इमारती यांच्यासाठी नकाशावर जागा राखून ठेवणाऱ्यांना माणसाच्या हातांसाठीही जागा राखावी लागते, हे आता कोणीतरी स्पष्टपणे मांडले पाहिजे.

अन्य देशांतील लोकांनी या अडचणीवर जे उपाय योजिले ते आपल्या अगदी आवाक्यातले आहेत. ऑस्ट्रेलियात १९९० नंतरच्या दशकात निवृत्त व एकाकी पुरुषांसाठी सामायिक कार्यशाळा निघू लागल्या; एक शेड, काही हत्यारे, चहाची किटली, आणि शेजारी उभे राहून काम करता करता बोलणारी माणसे, एवढेच त्यांचे स्वरूप, पण आज त्या देशात अशा शेडांचे मोठे जाळे आहे. अॅमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी ‘दुरुस्ती कॅफे’ भरविला, जेथे नागरिक आपली बिघडलेली इस्त्री, फाटलेला कोट, मोडकी खुर्ची घेऊन येतात आणि जाणत्या शेजाऱ्याच्या मदतीने स्वतः नीट करतात. तो उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा थोर आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मराठी माणसाला वाचक केले. ज्या तत्त्वावर पुस्तक सामायिक होऊ शकते त्याच तत्त्वावर करवत, गुण्या, पटाशी, शिवणयंत्र, ड्रिल मशीन ही सामायिक का होऊ नयेत, याचे उत्तर मला सापडलेले नाही. ड्रिल मशीन वर्षातून दोनदा लागते. प्रत्येक बिऱ्हाडाने ते विकत घेऊन माळ्यावर टाकणे हा उघड अपव्यय आहे.

माझी तजवीज साधी आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिकेने, जी २००२ सालापासून महानगरपालिका म्हणून कारभार पाहते, आपल्या एखाद्या समाजमंदिरातील अथवा बंद पडलेल्या शाळेतील एक खोली दर प्रभागात हत्यारघर म्हणून राखून ठेवावी. खोलीत एक भक्कम बाक, त्याला शिकंजा, भिंतीवर नोंद केलेली हत्यारे, एक शिवणयंत्र, एक पाण्याचा नळ, आणि बाहेर वाळवणासाठी उन्हाचा तुकडा असावा. अनामत रक्कम अल्प असावी. खोली रविवारी सकाळी उघडावी व सायंकाळी बंद व्हावी. देखरेखीस एखादा निवृत्त कारागीर नेमावा, ज्याला मानधन मिळेल व ज्याची विद्या त्याच्याबरोबर लोपणार नाही. मुलांना येण्याची मोकळीक असावी, मात्र धारदार हत्यारांपाशी मोठे माणूस जवळ हवे. आणि त्या खोलीत बायकांचा हक्क पुरुषांइतकाच आहे, हे दारावरच्या पाटीवर लिहिलेले असावे, कारण न लिहिलेला हक्क आपल्याकडे पाळला जात नाही. या सर्वांस जो खर्च येईल तो नगराच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतका किरकोळ असेल.

डोंगरीपुरते तर एवढ्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. येथे अजून काही अंगणे शिल्लक आहेत, मुसळे शिल्लक आहेत, गोठा बांधणारे व किल्ला करणारे हात आहेत. ज्यांच्यापाशी अंगण आहे त्यांनी महिन्यातला एक रविवार ते इमारतींत राहणाऱ्या शेजाऱ्यांसाठी मोकळे ठेवावे, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. आणि ज्यांच्यापाशी अंगण नाही त्यांनी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे हत्यारघरासाठी लेखी अर्ज करावा. तोंडी मागणी दफ्तरी नोंदली जात नाही, लेखी अर्जाला आवक क्रमांक पडतो. साडेपाच हजारांनी १८८४ साली लेखी अर्जच केला होता.